हाडाला चिकटणारी काच आतून कशी असते? वजनकाट्यापासून एनएमआरपर्यंत

खिडकीची काच वर्षानुवर्षे पाऊस झेलते आणि तशीच राहते. ४५एस५ नावाची काच पाण्यात टाकली की काही मिनिटांतच पाणी अल्कधर्मी व्हायला लागतं, कारण काचेतला सोडियम बाहेर पडत असतो. मालमसाला दोन्हींचा जवळपास एकच: वाळू, सोडा आणि चुना. खिडकीच्या काचेत सिलिका साधारण ७२ टक्के असते, ४५एस५ मध्ये ४५ टक्के. या कमी सिलिकेमुळे अणूंची जाळी इतकी मोकळी होते की शरीरातलं पाणी आत शिरतं, काच विरघळत जाते आणि तिच्या पृष्ठभागावर हाडातल्या खनिजासारखा थर बसतो.

फ्लोरिडा विद्यापीठातल्या लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये ही काच बनवली. त्याआधी १९६७ मध्ये एका परिषदेला जाताना बसमध्ये त्यांच्या शेजारी व्हिएतनामहून परतलेला अमेरिकी लष्करातला कर्नल बसला होता. शरीर नाकारणार नाही असं काही तुम्ही लोक बनवू शकता का, असं त्यानं विचारलं. आज ही काच दातांच्या संवेदनशीलतेवरच्या टूथपेस्टमध्ये नोवामिन या नावानं असते, आणि हिरड्यांच्या आजारात झिजलेलं हाड भरून काढायलाही तिचे दाणे वापरतात.

एमएस्सीच्या प्रकल्पाला किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षाला हा विषय घेतलेल्यांसाठी हा लेख आहे. उदाहरण सगळीकडे ४५एस५ चंच घेतो, कारण तिच्यावर इतकं काम झालंय की तुमचा आकडा चुकला तर लगेच कळतं. नवी काच शोधायची असली तरी आधी ही करून बघा.

आधी कागद-पेन्सिल

उपकरणाची वेळ मागायच्या आधी एक हिशोब करायचा. वजनानं ही काच म्हणजे सिलिका ४५, सोडियम ऑक्साइड २४.५, कॅल्शियम ऑक्साइड २४.५ आणि फॉस्फरस पेंटॉक्साइड ६ टक्के. अणूंना मात्र वजन कळत नाही, संख्या कळते. म्हणून मोल टक्के काढा: अनुक्रमे ४६.१, २४.४, २६.९ आणि २.६.

काचेत प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असतात. शुद्ध सिलिकेत प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनना जोडतो. सोडियम किंवा कॅल्शियम आला की असा एखादा सांधा तुटतो आणि दोन लोंबते ऑक्सिजन तयार होतात. एका सिलिकॉनला सरासरी किती जोडणारे ऑक्सिजन उरले, या आकड्याला नेटवर्क कनेक्टिव्हिटी म्हणतात. आपण तिला जोडणी म्हणू.

सिलिकेचे मोल गुणिले ४, म्हणजे १८४.४. सोडियम आणि कॅल्शियम ऑक्साइडची बेरीज ५१.३, तिची दुप्पट १०२.६, ती वजा करा. मग फॉस्फरस पेंटॉक्साइडचे मोल गुणिले ६, म्हणजे १५.६, ते मिळवा. आले ९७.४. त्याला ४६.१ नं भागलं की २.११.

शेवटच्या ६ पटीच्या बेरजेकडे नीट बघा, कारण निम्मे विद्यार्थी तिथेच चुकतात. फॉस्फरस या काचेत सिलिकेच्या जाळीत विणलेला नसतो. तो ऑर्थोफॉस्फेट म्हणून सुटा बसतो: एक फॉस्फरस, चार ऑक्सिजन, तीन ऋणभार. एका पेंटॉक्साइडमधून अशी दोन फॉस्फेटं, म्हणजे सहा ऋणभार. ते भागवायला सोडियम-कॅल्शियम जाळीपासून ओढून घेतले जातात आणि जाळी तेवढी कमी तुटते. फॉस्फरसला जाळीत धरून हिशोब केला तर उत्तर १.९० येतं. फरक किरकोळ दिसतो, पण १.९० आणि २.११ या दोन वेगळ्या काचा आहेत.

जोडणी २ च्या आसपास म्हणजे लांब साखळ्या, मधेमधे थोडे आडवे सांधे. अशा साखळ्या पाण्यात सुटतात. जोडणी २.४ च्या वर गेली की हाडाशी बंध जुळायची क्षमता घसरत जाते. वजनानं सिलिका ६० टक्क्यांपलीकडे गेली की काच शरीरात मुकाट पडून राहते, हेही त्याचंच दुसरं रूप.

काच ओतणे

१०० ग्रॅम काचेसाठी सिलिका ४५ ग्रॅम, सोडियम कार्बोनेट ४१.९०, कॅल्शियम कार्बोनेट ४३.७३ आणि अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट ९.७३ ग्रॅम. फॉस्फरस पेंटॉक्साइड थेट घेऊ नका. तराजूवर ठेवता ठेवता ते हवेतलं पाणी ओढतं आणि वजन हलत राहतं. मुंबईच्या जुलैत तर नकोच. कार्बोनेटंही रात्रभर वाळवून घ्या. मिश्रण सुमारे १४० ग्रॅम भरेल आणि भट्टीत ४० ग्रॅम वायू होऊन जाईल. फेस येतो, म्हणून मूस अर्ध्याच्या वर भरायची नाही, आणि तापमान कार्बोनेट फुटेपर्यंत हळूहळू चढवायचं.

मूस प्लॅटिनमचीच हवी. आमच्या विभागात ती कुलपात असायची आणि किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. मी ॲल्युमिनाच्या मुशीत काच वितळवली. काच आरशासारखी स्वच्छ आली, सगळ्यांना दाखवत फिरलो. नंतर पृथक्करणात ॲल्युमिनियम निघालं. वितळलेल्या काचेनं मुशीची भिंतच खाल्ली होती. ॲल्युमिनियम सिलिकेची जाळी घट्ट करतं आणि थोडं जरी असलं तरी हाडाशी बंध जुळणं बिघडतं. तीन आठवड्यांची मोजमापं टाकून द्यावी लागली. प्लॅटिनमलाही जपावं लागतं. भट्टीत कार्बन किंवा सेंद्रिय कचरा असला तर फॉस्फेटाचा फॉस्फरस होतो आणि तो प्लॅटिनमला भोक पाडतो. तापलेल्या मुशीला लोखंडी सांडशी लावायची नाही, टोकाला प्लॅटिनम असलेली सांडशी वापरायची.

१३५० ते १४०० अंश सेल्सिअसला तासभर ठेवा. ओतताना ही काच मधासारखी लोंबत नाही, तेलासारखी धावते. इतक्या तुटक्या जाळीला घट्टपणा येणार कुठून? म्हणून साचा आधीच शेजारी ठेवा. पाण्यात ओतून फ्रिट (बारीक तुकडे) करायची पद्धत आहे, पण अणुरचनेसाठी मी ती टाळतो. पृष्ठभागात लगेच पाणी शिरतं. ग्राफाइटच्या किंवा पोलादी साच्यात ओता आणि ५२० अंशांच्या आसपास तणाव काढून घ्या. काचसंक्रमण, म्हणजे काच मऊ पडायला लागते ते तापमान, ५५० च्या आगेमागे आहे. त्याच्यावर रेंगाळलात तर आधी फॉस्फेटाचे थेंब वेगळे होतात, मग ६०० च्या पुढे कॉम्बाइट या सोडियम-कॅल्शियम सिलिकेटाचे स्फटिक यायला लागतात.

वाटणं अगेटच्या खलात, कोरडंच. पाणी घालून घासायचं नाही. भुकटी निर्वात डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात. घनता आर्किमिडीजच्या पद्धतीनं काढणार असाल तर पाण्याऐवजी निर्जल इथेनॉल घ्या. ४५एस५ साठी ती घन सेंटिमीटरला २.७ ग्रॅमच्या आसपास यायला हवी. हा आकडा जपून ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

शेवटी रासायनिक पृथक्करण. सोडियम आणि फॉस्फरस भट्टीत थोडे उडतात. यापुढचा प्रत्येक हिशोब बाटलीवरच्या नव्हे, पृथक्करणाच्या आकड्यांवर करायचा, जोडणीसुद्धा.

ही काचच आहे ना?

एक्स-रे डिफ्रॅक्शन. तांब्याच्या नळीवर ३२ अंशांच्या आसपास एक पसरट टेकाड दिसतं. त्यावर ३४ अंशांजवळ धारदार सुळका उभा असेल तर कॉम्बाइट शिरलंय, परत वितळवा. सावकाश स्कॅन करा, घाईच्या स्कॅनमध्ये छोटे सुळके गोंगाटात बुडतात.

रामन वर्णपट (लेसर पाडून अणूंच्या कंपनांवरून घेतलेला) अर्ध्या तासात होतो आणि पुढच्या महागड्या कामाची दिशा देतो. प्रति सेंटिमीटर ६३० च्या आसपास सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन सांध्याची हालचाल, ९४५ जवळ दोन लोंबते ऑक्सिजन असलेलं सिलिकॉन, १०८० जवळ एकच लोंबता असलेलं. अडचण एकच: फॉस्फेटाची रेषा ९६० जवळ येते, म्हणजे ९४५ च्या खांद्यावरच बसते. सॉफ्टवेअर ती सुटी करून देतं, कितीही गाउसियन (घंटेच्या आकाराच्या रेषा) मागा, तेवढे देतं. त्या टक्केवारीवर मी विश्वास ठेवत नाही. रामन तुलनेसाठी चांगलं: एकाच दिवशी, एकाच लेसरवर घेतलेल्या पाच काचांपैकी कुठली कुठे सरकली ते बघायला.

एनएमआर: इथे घाई नको

एनएमआर म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रकं कसा प्रतिसाद देतात त्यावरून त्यांच्या शेजारी कोण आहे ते ओळखायची पद्धत. अख्ख्या कामाचा कणा हाच. भुकटी बारीक नळीत भरून चुंबकीय क्षेत्राशी ५४.७४ अंशांच्या कोनात सेकंदाला हजारो फेऱ्यांनी फिरवायची, म्हणजे पसरट रेषा आवळतात.

सिलिकॉनपासून सुरुवात करा. जोडणाऱ्या ऑक्सिजनांच्या संख्येवरून प्रत्येक सिलिकॉनला क्यू-शून्य ते क्यू-चार अशी नावं आहेत. या काचेत क्यू-दोन उणे ७९ पीपीएमच्या (वर्णपटात रेषेची जागा मोजायचं एकक) आसपास, क्यू-तीन उणे ८६-८८ जवळ दिसतो. आपल्या २.११ च्या हिशोबानुसार, फक्त हे दोनच असतील तर ८९ टक्के क्यू-दोन आणि ११ टक्के क्यू-तीन यायला हवेत. प्रत्यक्षात थोडा क्यू-एकही असतो आणि क्यू-तीन त्या प्रमाणात वाढतो, पण सरासरी २.११ च्या जवळच राहायला हवी. ती २.४ आली तर नवा शोध लागला असं समजू नका. सोडियम उडाला असेल, भुकटी ओली झाली असेल किंवा थांबायचा वेळ कमी पडला असेल.

या थांबण्यावरच सगळ्यात जास्त मोजमापं वाया जातात. एनएमआर देणारा सिलिकॉन २९ निसर्गात ४.७ टक्केच असतो, आणि एकदा हलवला की मूळ स्थितीत यायला फार वेळ घेतो. दोन स्कॅनच्या मधे ५ सेकंद ठेवले तर वर्णपट दिसतो छान, पण लवकर सावरणारे अणू जास्त मोजले जातात आणि टक्केवारी खोटी येते. आधी एका नमुन्यावर ३०, ६०, १२०, २४० सेकंद ठेवून बघा. क्षेत्रफळांचं गुणोत्तर बदलायचं थांबलं की तो वेळ पक्का. १२० सेकंदांनी ५०० स्कॅन म्हणजे जवळपास १७ तास. रात्रीची वेळ मागून घ्या. काच वितळवतानाच ०.१ टक्का लोह किंवा मँगनीज ऑक्साइड टाकून हा वेळ कमी करता येतो, पण मग तीच काच पेशींच्या चाचणीला देऊ नका.

फॉस्फरस सोपा, कारण तो निसर्गात १०० टक्के एनएमआर देतो. ४५एस५ मध्ये ८-९ पीपीएमला एक पसरट रेषा येते. ती ऑर्थोफॉस्फेटाची, म्हणजे वरच्या ६ पटीच्या बेरजेचा हा पुरावा. रेषेची जागाही बोलते. निव्वळ कॅल्शियम असलेलं फॉस्फेट ३ पीपीएमजवळ, निव्वळ सोडियमचं १४ च्या पुढे. आपली मधे आहे, म्हणजे फॉस्फेटाभोवती दोघेही आहेत. सोडियमच्या जागी पोटॅशियम किंवा कॅल्शियमच्या जागी स्ट्राँशियम घालणाऱ्यांनी या एका आकड्यावर नजर ठेवावी.

कॅल्शियमच्या एनएमआरच्या नादी पहिल्या वर्षी लागू नका. कॅल्शियम ४३ निसर्गात ०.१३५ टक्के असतो.

अंतरं मोजायची तर

एनएमआर शेजारी कोण ते सांगतं, किती दूर ते सांगायला डिफ्रॅक्शनच लागतं, पण वेगळ्या तऱ्हेनं: टेकाडाची अख्खी रेषा मोठ्या कोनांपर्यंत मोजायची आणि फूरिये रूपांतर करून अणूंमधली अंतरं काढायची. तांब्याची नळी इथे निरुपयोगी, ती ८ व्युत्क्रम अँगस्ट्रॉमपर्यंतच पोचते. मॉलिब्डेनम १७, चांदी साधारण २२. त्यापुढे सिंक्रोट्रॉन (प्रचंड तीव्र एक्स-रे देणारं यंत्र) किंवा न्यूट्रॉन.

सिलिकॉन-ऑक्सिजन १.६२ अँगस्ट्रॉमला, फॉस्फरस-ऑक्सिजन १.५३ ला. मधलं अंतर ०.०९. ते सुटे दिसायला ३५ ते ४० पर्यंत पोच हवी. म्हणून प्रयोगशाळेतल्या उपकरणावर हे दोन सुळके वेगळे दिसले असं कुणी सांगितलं तर त्यांचं फिटिंग मागून घ्या. पुढे २.३ ते २.४ दरम्यान सोडियम-ऑक्सिजन आणि कॅल्शियम-ऑक्सिजन एकमेकांवर बसलेले, आणि २.६५ ला ऑक्सिजन-ऑक्सिजन. सोडियम-कॅल्शियमची गाठ सोडवायला कॅल्शियमचा समस्थानिक बदलून तीच काच दोनदा बनवतात आणि न्यूट्रॉनच्या दोन मोजमापांची वजाबाकी करतात. सुंदर पद्धत, खर्च मात्र डोळे पांढरे करणारा.

न्यूट्रॉनसाठी परदेशीच जायला हवं असं नाही. तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीवर द्रव आणि स्फटिकहीन पदार्थांसाठीच हाय-क्यू डिफ्रॅक्टोमीटर आहे. विद्यापीठातल्या लोकांना यूजीसी-डीएई कन्सॉर्टियमच्या मुंबई केंद्रामार्फत प्रस्ताव देता येतो. सिंक्रोट्रॉन इंदूरला, इंडस-२. प्रस्तावात 'रचना अभ्यासायची आहे' असं मोघम लिहू नका. कुठलं अंतर, कुठल्या दोन काचांत, किती बदलेल असं वाटतंय ते लिहा. काचेत पाणी असेल तर हायड्रोजन न्यूट्रॉन सगळीकडे उधळतो आणि पार्श्वभूमी उतरती होते. डेसिकेटरचा आग्रह त्यासाठीही होता.

मोजमाप आकड्यांत बसवताना एकक घनफळात अणू किती ते द्यावं लागतं. २.७ घनतेला तो आकडा घन अँगस्ट्रॉममागे ०.०७५ येतो. घनता चुकली की शेजाऱ्यांची संख्या त्याच प्रमाणात चुकते.

संगणकातली काच

मॉलिक्युलर डायनॅमिक्समध्ये अणू पेटीत टाकून ३००० केल्विनला घुसळायचे आणि गार करायचे. ३००० अणूंची पेटी ३४ अँगस्ट्रॉम बाजूची होते. त्यात सिलिकॉन ४८८, पण फॉस्फरस फक्त ५५. फॉस्फरसबद्दल काही म्हणायचं असेल तर निदान पाच वेगवेगळ्या सुरुवातींनी पेट्या चालवा. एका पेटीतले तीन अणू इकडचे तिकडे झाले की पाच टक्क्यांचा फरक पडतो.

दुसरी मर्यादा वेगाची. पिकोसेकंदाला १ केल्विन हा संगणकासाठी संथ वेग आहे, पण तो सेकंदाला १०००००००००००० केल्विन भरतो. साच्यात ओतलेली काच याच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणून संगणकातली काच जास्त अस्ताव्यस्त निघते आणि तिच्यात फॉस्फरस सिलिकॉनला जोडलेला जास्त सापडतो. ऑक्सिजनला कडक गोळी मानणाऱ्या सोप्या बलसूत्रांनी हा आकडा आणखी फुगतो. ऑक्सिजनचं ध्रुवीकरण धरणाऱ्या शेल मॉडेलनं तो एनएमआरच्या जवळ येतो. फॉस्फरसच्या प्रश्नावर माझा कौल एनएमआरला. सोडियम-कॅल्शियम कुठे घोळका करतात, साखळ्या किती लांब, कडी कितीची, हे मात्र संगणकालाच विचारावं लागतं, दुसरं कुणी सांगत नाही.

दातांसाठी फ्लोराइड घालायचं असेल तर

सहज सुचतं ते असं: थोडा कॅल्शियम ऑक्साइड काढून तेवढंच कॅल्शियम फ्लोराइड घालू. इथेच फसगत होते. या काचांत फ्लोरिन सिलिकॉनला चिकटत नाही, कॅल्शियमला आणि सोडियमला धरून बसतो. म्हणजे फ्लोराइडसोबत आलेला कॅल्शियम जाळी तोडायच्या कामाचा उरत नाही आणि जोडणीच्या हिशोबात धरायचा नाही. ५ मोल ऑक्साइडच्या जागी ५ मोल फ्लोराइड घातलं तर जोडणी २.११ वरून २.३३ होते. तुम्हाला वाटतं फ्लोराइडमुळे काच मंदावली, खरं तर तुम्हीच जाळी घट्ट केलेली असते. कॅल्शियम फ्लोराइड वरून मिळवा, बाकी ऑक्साइडांचं आपसातलं प्रमाण जसंच्या तसं ठेवा. जोडणी हलत नाही आणि फ्लोराइडचा खरा परिणाम दिसतो.

फ्लोरिनचा एनएमआर घेण्याआधी रिकाम्या नळीचा वर्णपट घ्या. प्रोबमध्ये टेफ्लॉनचे भाग असतात आणि त्यांचा फ्लोरिनही हजेरी लावतो.

द्रवात बुडवल्यावर

रचनेचा अंदाज खरा ठरला का, ते सिम्युलेटेड बॉडी फ्लुइडमध्ये बघतात. कोकुबो यांचा हा द्रव रक्तद्रवासारखा: कॅल्शियम २.५ आणि फॉस्फेट १ मिलिमोल, पीएच ७.४०, तापमान ३६.५ अंश. ५० मिलिलिटरला ७५ मिलिग्रॅम भुकटी घेतात. द्रव बनवताना क्षार सांगितलेल्या क्रमानंच घाला. गढूळ झाला की फेकून द्या, गाळून वापरू नका. नमुने ६ तास, १, ३, ७ दिवसांनी काढा, ॲसिटोननं धुवा, म्हणजे क्रिया तिथेच थांबते.

एक्स-रेवर ॲपेटाइटचा, म्हणजे हाडातल्या खनिजाच्या जातीचा, मुख्य सुळका ३२ अंशांना येतो, नेमका काचेच्या टेकाडावर. म्हणून २६ अंशांच्या एकट्या सुळक्याची वाट बघा. इन्फ्रारेडमध्ये ५६० आणि ६०० ला जुळी रेषा फुटली की स्फटिक झाले. पण परत एनएमआरला जायची सोय असेल तर तोच सगळ्यात आधी बोलतो: फॉस्फरसची रेषा ८-९ वरून ३ पीपीएमकडे सरकते, सिलिकॉनचा क्यू-दोन ओसरतो आणि उणे १०० ते ११० दरम्यान सिलिकेच्या जेलचं नवं टेकाड वर येतं. हे सगळं एक्स-रेवर सुळके दिसायच्या आधी घडतं.

फ्लोराइडची काच असेल तर शेवटचा प्रश्न उरतो, थर फ्लोरॅपेटाइटचा की हायड्रॉक्सिॲपेटाइटचा. एक्स-रेवर दोघांचे सुळके इतके जवळ की बारीक स्फटिकांत ते वेगळे ओळखता येत नाहीत. फ्लोरिनच्या वर्णपटात उणे १०३ पीपीएमला रेषा आली तर फ्लोरॅपेटाइट. उणे १०८ ला आली तर ते साधं कॅल्शियम फ्लोराइड. मग काचेत फ्लोराइड जास्त झालंय, पुढच्या घाण्याला ते कमी करा.